हात राखून केलेला वाढीचा रिपोर्ट

धाकटे भागीदार गेली एकोणीस वर्षं बोळात बसत होते. बोळ ऑफिसचाच होता. बाहेरचं दार उघडलं की चार पावलांवर त्यांचं टेबल, आणि खुर्चीच्या पाठीशी संडासाचं दार. आत जाणारा माणूस खुर्चीला धक्का देऊन जाई आणि बाहेर येणारा माफी मागत येई. आतली मोठी खोली थोरल्या भागीदारांची. ती त्यांनी बळकावली होती असं नाही. भागीदारी सुरू झाली त्या दिवशी ते आधी येऊन बसले, एवढंच. नंतर कोण कोणाला ऊठ म्हणणार? त्यातून थोरले हे धाकट्यांच्या सख्ख्या बहिणीचे नवरे. भावजींना खोलीतून उठवायचं म्हणजे घरी ताईला तोंड द्यायचं, आणि तेवढी छाती धाकट्यांना नव्हती.

धंदा हिशेबनिसांचा. दुकानदारांचे, सुतारांचे, शिकवण्या घेणाऱ्यांचे हिशेब लिहून द्यायचे, कर भरून द्यायचे, आणि कोणाला कर्ज हवं असेल तर बँकेसाठी रिपोर्ट तयार करायचा. गिऱ्हाईकं शहाण्णव. ती मोजायला कधी कागद घ्यावा लागत नसे, कारण गेली दहा वर्षं ती शहाण्णवच होती. दोघा भागीदारांखेरीज ऑफिसात एक बाई होत्या. त्या टायपिंग करत, फायली लावत, टेलिफोन घेत, आणि आलेल्या माणसाला बसा म्हणायचं की उभंच ठेवायचं हेही त्याच ठरवत.

अशात शेजारच्या खोलीतला शिंपी दुकान आवरून मुलीकडे राहायला गेला. त्या खोलीला खिडकी होती. धाकट्यांनी दारातून आत डोकावलं, ऊन जमिनीवर कुठवर येतं ते पाहिलं, टेबल कुठे ठेवायचं ते मनात ठरवलं आणि मगच वर जाऊन घरमालकिणीला भाडं विचारलं. ती म्हणाली, महिनाअखेरपर्यंत खोली तुमच्यासाठी धरून ठेवते, त्यापुढे एक दिवस नाही. डिपॉझिट, मधली भिंत पाडणं, दोन नवे मदतनीस, दोन कॉम्प्युटर, सगळं मिळून रक्कम एवढी झाली की बँकेकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

धाकटे भीतभीतच आत गेले. पण थोरले एका झटक्यात हो म्हणाले. "बरोबर आहे, मेहुणे. जन्मभर दुसऱ्यांचे वाढीचे रिपोर्ट लिहिले. आता एक आपलाही लिहू."

इथे ह्या ऑफिसची एक रीत सांगितली पाहिजे. कर्ज मागायला येणारं गिऱ्हाईक कधी खरं बोलत नाही. लबाड असतं म्हणून नव्हे, आशेवर असतं म्हणून. सुतार सांगणार, पुढच्या वर्षी दुप्पट कपाटं विकणार. म्हणून त्याचे आकडे धाकटे उतरवून घेत तेव्हा हात राखून शेकडा पंधरा कमी लिहीत. ते कागद बाईंकडे टायपिंगला जात. बाईंचंही आयुष्य गिऱ्हाइकांची बोलणी ऐकण्यात गेलं होतं. त्या टाइप करता करता शेकडा दहा उडवत. मग कागद थोरल्यांपुढे येई आणि ते लाल पेन्सिलीने शेकडा वीस कापत. गंमत अशी की ह्यातलं कोणी कोणाला कधी बोललं नव्हतं. ऑफिसात सावध असे आपण एकटेच, असं तिघांनाही वाटे. आणि तीन कात्र्यांतून पार पडलेला आकडा शेवटी खऱ्याच्या इतका जवळ येई की बँकेत ह्या दोघांच्या सहीला मान होता.

तर धाकट्यांनी चार दुपारी बसून आपला रिपोर्ट केला. इथे फुगवून सांगणारं गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मनाशी अगदी प्रामाणिकपणे विचार केला आणि तिसऱ्या वर्षी दीडशे गिऱ्हाईकं होतील असं ठरवलं. मग कागदावर लिहायला गेले, तर हाताने सवयीने एकशे सत्तावीस लिहिलं. बाईंनी टाइप केले एकशे चौदा. थोरल्यांनी लाल पेन्सील उचलली आणि एक्याण्णव केले. खर्चाला मात्र कोणी हात लावला नाही, कारण खर्च कमी धरायचा नाही हा धडा तिघांनीही एकाच पुस्तकात वाचला होता. दोन नव्या मदतनिसांचे पगार, दुप्पट भाडं, बँकेचा हप्ता, सगळं जसंच्या तसं राहिलं. बेरीज-वजाबाकी थोरले स्वतः करत नसत. ते कागद बाईंकडे परत टाकत आणि म्हणत, "फेअर करा."

बाईंनी फेअर केलं. शेवटचा परिच्छेदही त्याच लिहीत, आणि त्याबद्दल थोरल्यांनी पहिल्याच वर्षी त्यांना बजावून ठेवलं होतं की आकडे सांगतील तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. आकडे काय सांगत होते ते बाईंनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. आणि टाइप केलं : 'वरील आकडे पाहता तिसऱ्या वर्षाअखेर हा व्यवसाय बंद करावा लागेल असे दिसते. तरी कर्ज मंजूर व्हावे ही विनंती.'

थोरल्यांनी टेलिफोन कानाला लावूनच सही केली, बाईंनी बोट ठेवलं तिथे. धाकटे सही करत होते तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी बाहेर आलं आणि खुर्चीला धक्का बसून सही जरा वाकडी आली. पाकीट बँकेत गेलं.

बाईंच्या मनाला मात्र फार लागलं. एकोणीस वर्षं ह्या माणसांचे कागद सांभाळले आणि दुकान गुंडाळायचं ठरवलं ते आपल्याला कागदावरून कळावं? पण विचारायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी खुर्चीवरची उशी पिशवीत घातली आणि जाताना खालच्या औषधवाल्याला सहज विचारून ठेवलं, पुढेमागे तुम्हाला हिशेबाला कोणी लागेल का. औषधवाला ह्याच ऑफिसचं गिऱ्हाईक. त्याने बाईंचा चेहरा पाहिला, पिशवीतून डोकावणारी उशी पाहिली आणि काय ते ओळखलं. संध्याकाळपर्यंत खोकल्याचं औषध घेतलेल्या प्रत्येक माणसाला ती बातमी बाटलीबरोबर मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात गर्दी सुरू झाली. ज्यांनी तीन-तीन वर्षं कागद दिले नव्हते ते स्वतः खोकी घेऊन हजर झाले. सुतार एक गोणीच घेऊन आला आणि म्हणाला, ह्यातलं काय लागेल ते घ्या, पण हे आधी उरकून टाका. ज्यांच्याकडे फी मागून मागून बाईंचा घसा बसला होता त्यांनी न मागता पैसे मोजले. शिवाय प्रत्येक जण जाताना धाकट्यांचा हात हातात घेऊन थोडा वेळ धरी. एका म्हाताऱ्या शिकवणीवाल्या बाईंनी तर त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. धाकट्यांचे डोळे भरून आले. ते थोरल्यांना म्हणाले, आपण वाढणार हे लोकांना कसं कळलं कोण जाणे, पण लोकांचं प्रेम मात्र उतू चाललंय. थोरले म्हणाले, वीस वर्षं सचोटीने काम केलं त्याचं हे फळ.

चौथ्या दिवशी एक गृहस्थ टेप घेऊन आले. काही न बोलता त्यांनी बोळ मोजायला सुरुवात केली. धाकटे समजले, बँकेने जागा पाहायला माणूस पाठवला. ते लगबगीने उठले, स्वतःचं टेबल बाजूला ओढलं आणि टेपचं दुसरं टोक धरून संडासाच्या दारापर्यंत गेले. चहा मागवला. गृहस्थांनी थोरल्यांची खोलीही मोजली. थोरले अदबीने खुर्चीवरून उठून भिंतीला लागून उभे राहिले. गृहस्थांनी एका वहीत टिपून घेतलं आणि धाकट्यांना विचारलं, इथे पाण्याचा नळ आणता येईल का. धाकटे म्हणाले, बँकेची इच्छा असेल तर जरूर आणू. गृहस्थ जरा गोंधळले, चहा पिऊन गेले.

दुपारी घरमालकीण खाली आली. ती एरवी भाड्याच्या तारखेलाच येई. आज तिचा चेहरा वेगळा होता.

"तुम्ही भली माणसं," ती म्हणाली. "भाडं कधी चुकवलं नाही. म्हणून समजलं तेव्हा फार वाईट वाटलं. पण मलाही बघायला पाहिजे ना. दातांचे डॉक्टर सकाळी दोन्ही खोल्या मोजून गेले. त्यांना आवडल्या."

"कोणत्या दोन्ही?" धाकट्यांनी विचारलं.

"शिंप्याची आणि ही. ह्या बोळात त्यांची ती खुर्ची बरोबर बसते म्हणाले. टेप तुम्हीच धरला होतात ना?"

धाकट्यांनी विचारलं, आम्ही जाणार हे सांगितलं कोणी? घरमालकीण म्हणाली, औषधवाल्याने. औषधवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, तुमच्या बाईंनी. धापा टाकत वर येऊन बाईंना विचारलं, तर बाईंनी कपाटातून रिपोर्टची ऑफिस कॉपी काढली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

थोरल्यांनी तो परिच्छेद उभ्याने वाचला आणि बसून परत वाचला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"आकड्यांनी लिहिलं," बाई म्हणाल्या. "सही तुमची आहे."

महिना संपायला नऊ दिवस उरले होते. दोघेही तसेच उठून बँकेत गेले. बाई मागोमाग आल्या. कोणी या म्हटलं नव्हतं आणि येऊ नका म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. कर्जाच्या टेबलावर एक मॅडम होत्या, नव्यानेच ह्या शाखेत आलेल्या. त्यांनी तिघांना बसवलं, पाणी दिलं आणि सांत्वनाला आल्यासारख्या हळू आवाजात बोलू लागल्या. धाकट्यांनी घाईघाईने सांगितलं की रिपोर्ट चुकलाय, आकडे खरे नाहीत.

मॅडमनी मागच्या कपाटातून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. ह्याच दोघांच्या सहीचे जुने रिपोर्ट, चव्वेचाळीस.

"हे सगळे मी काल काढून बघितले," त्या म्हणाल्या. "तुम्ही जे लिहिलं तेच पुढे झालंय. एकसुद्धा चुकलेला नाही. तेव्हा तुम्ही बंद पडणार म्हणता, तर मला विश्वास ठेवायला पाहिजे. की हे चव्वेचाळीसही चुकलेत म्हणू?"

आता आली का पंचाईत. आपलं ऑफिस वाचवायचं तर आपली सही खोटी पाडायची, आणि सही खरी ठेवायची तर ऑफिसला कुलूप लावायचं. शेवटी धाकट्यांनी मान खाली घालून कबुली दिली.

"मॅडम, मी आकडे उतरवताना शेकडा पंधरा कापतो. नेहमीच. भावजींना माहीत नाही."

थोरले त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तुम्ही कापता? अहो मेहुणे, कापतो मी. शेकडा वीस."

"मी दहाच कापते," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं अगदीच भोळे, म्हणून."

मॅडम आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होत्या, पण तो त्यांना जमला नाही. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, तिघं मिळून एवढं कापता तर हे चव्वेचाळीस बरोबर आले कसे. थोरले म्हणाले, गिऱ्हाईक सांगतं तेव्हा फुगवून सांगतं.

"मग तुमच्या रिपोर्टात गिऱ्हाईकच नाही की," मॅडम म्हणाल्या. "मला नवे आकडे नकोत. तुमच्या रीतीनेच करून आणा, पण सुरुवातीला एक गिऱ्हाईक बसवा."

गिऱ्हाईक कुठून आणायचं हा प्रश्न परतीच्या वाटेवर निघाला. फुगवून बोलणारं माणूस हवं, पण ते आपल्या ऑफिसबद्दल मनापासून फुगवून बोलणारं हवं. दोघांनाही एकच नाव सुचलं आणि दोघंही ते घ्यायला धजेनात. शेवटी बाईंनीच घेतलं.

संध्याकाळी ताईला तिच्याच घरात खुर्चीवर बसवलं. समोर धाकटे वही घेऊन बसले, शेजारी बाई आणि पलीकडे लाल पेन्सील घेऊन थोरले. ताईला फक्त एवढं विचारलं की आपलं ऑफिस पुढे कसं काय चालेल. ताई ह्या विषयावर सगळ्या नात्यागोत्यात गेली वीस वर्षं बोलत आली होती. तिला फक्त इतक्या लक्षपूर्वक ऐकणारी माणसं आजवर मिळाली नव्हती.

"तिसऱ्या वर्षी ना? अडीचशे गिऱ्हाईकं कुठे गेली नाहीत," ती म्हणाली. "ह्यांना वेगळी केबिन. तुलाही एक, अरे, किती दिवस त्या संडासापाशी बसणार? मला शरम वाटते लोकांना सांगायला. मी तुझं टेबल खिडकीशी आहे असंच सांगते सगळ्यांना."

"ताई, फक्त आकडे सांग," धाकटे म्हणाले. पण तिने ते सांगून ठेवलं होतं हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

अडीचशेचे धाकट्यांनी लिहिले दोनशे बारा. बाईंनी केले एकशे एक्याण्णव. थोरल्यांनी पेन्सील चालवली आणि निघाले एकशे त्रेपन्न. धाकट्यांनी आपल्या चार दुपारींचा पहिला हिशेब मनात आठवला. "माझे तेव्हा दीडशे आले होते," ते म्हणाले. त्यांनी भावजींकडे पाहिलं, भावजींनी बाईंकडे पाहिलं, आणि ताई म्हणाली, काय झालं, मी कमी सांगितलं का?

ह्या खेपेस शेवटचा परिच्छेद लिहिताना बाईंना चष्मा पुसावा लागला नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीनला, बँकेचं मंजुरीचं पत्र आलं. धाकटे ते पत्र हातात धरून जिना चढले आणि घरमालकिणीने ते चष्मा लावून, उलटसुलट करून वाचलं. दातांच्या डॉक्टरांना तिने मागल्या इमारतीत जागा बघून दिली. ते हिशेबासाठी धाकट्यांकडेच आले आणि सत्त्याण्णवावं गिऱ्हाईक झाले. टेप धरण्याची पद्धत आवडली होती म्हणाले.

भिंत पडली. धुरळा बसला. खिडकीशी धाकट्यांचं टेबल लागलं आणि पहिल्या दिवशी ते ऊन पायावर येईपर्यंत नुसते बसून राहिले. दोन नवे मदतनीस आले, त्यांना खुर्च्या मिळाल्या. आणि औषधवाल्याकडून ही बातमीही गावभर गेली की ऑफिस बंद होत नाही, उलट वाढतंय.

त्याबरोबर जिना ओस पडला.

सुतार आला तो गोणी परत न्यायला. म्हणाला, तुम्ही आता इथेच आहात म्हटल्यावर घाई कसली, सावकाश बघू पावसाळ्यानंतर. शिकवणीवाल्या बाईंनी फीचा राहिलेला भाग पुढच्या वर्षावर टाकला. कोणी धाकट्यांचा हात धरला नाही. दोन मदतनीस पेन्सिलींना टोक काढत बसले आणि तीन दिवसांत सगळ्या पेन्सिली बोटाएवढ्या झाल्या. पहिला हप्ता पंधरा दिवसांवर आला. थोरले नव्या खोलीत येऊन गेले, खिडकीतून बाहेर बघून गेले, आणि जाताना सहज विचारावं तसं विचारून गेले, "मेहुणे, ते दीडशे कुठून सुरू होतात म्हणालात?"

रात्रभर तळमळण्याचा धाकट्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी तासभर विचार केला, कोट चढवला आणि खाली औषधवाल्याकडे गेले. डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या. औषधवाल्याने विचारलं, काय म्हणते नवी खोली? धाकट्यांना खोटं बोलता येत नसे आणि ते बोललेही नाहीत. गोळ्या खिशात टाकत, रस्त्याकडे बघत ते एवढंच म्हणाले, "खोली फार चांगली आहे. किती दिवस बसायला मिळते, बघू."

आणि एक सुस्कारा टाकून जिना चढले.

पाच वाजायच्या आत पायऱ्यांवर गोणी ओढत आणल्याचा आवाज आला. धाकट्यांनी खुर्ची पुढे केली, "या, बसा," म्हणाले आणि चेहरा जमेल तितका उदास ठेवला.